सत्तेचाळीस‘च’

नागपूरच्या धरमपेठेत मार्च सरला की कूलरच्या अंगावरचं प्लास्टिक निघतं, नवी खस येते आणि स्टँडचा एक पाय गंजून सुटलेला सापडतो. यंदा तो पाय स्वतःच जोडायचा, असं मी ठरवलं. मेव्हण्याचं छोटं वेल्डिंग मशीन आणलं. राहिला फक्त रॉड.

दुकानदाराने विचारलं, “6013 देऊ की 7018?”

मी जन्मभर मुलांच्या गुणपत्रिकांवर सह्या केलेला माणूस. साठापेक्षा सत्तर जास्त, तेरापेक्षा अठरा जास्त. दोन्ही विषयांत 7018 पहिला! पुडा उचलला. बारीक रॉड कमीपणाचा वाटला, म्हणून 4 मिलिमीटरचा.

घरी रॉड टेकवला, तो चिकटला. ओढला, तर अख्खा स्टँड सोबत आला. चौथ्या खेपेला ठिणगी धरली आणि जिथे सांधा हवा होता तिथे भोक पडलं.

शेवटी गोकुळपेठेतला वेल्डर आला. पुडा पाहून म्हणाला, “काका, कूलरचा स्टँड हाय का पूल बांधून राह्यले?”

मग शिकवणी झाली. 60 किंवा 70 म्हणजे सांध्याची ताकद, दर चौरस इंचाला तितके हजार पौंड. पुढचा 1 म्हणजे आडवं, उभं, डोक्यावर, कसंही जोडा. शेवटचा आकडा लेपाची जात सांगतो. 3 वाला सोशिक. लहान मशीनवरही पेटतो, वरची पपडी सहज सुटते. 8 वाल्याच्या लेपात हायड्रोजन कमी, म्हणून जाड पोलादाला तडा जात नाही. पूल, बॉयलर ही त्याची कामं. पण हवेतली ओल लेपात शिरली की हायड्रोजन मागच्या दाराने हजर. म्हणून वापरण्याआधी तो भट्टीत भाजायचा.

“मग गच्चीवर वाळत घालतो,” मी म्हणालो. “आपलं ऊन आहे ना!”

“ऊन सत्तेचाळीसच देते, काका. याले तीनशेच्या वर लागते.”

2013 च्या मेमध्ये पारा 47.9 वर गेला होता, ते आम्ही अजून पाहुण्यांना पदकासारखं दाखवतो. त्या सत्तेचाळीसला ‘च’ लागलेला मी प्रथमच ऐकला. लेपाच्या रॉडचा जनक, स्वीडनचा ऑस्कर शेलबर्ग, याने 1904 मध्ये काढलेल्या ईसाबचा एक कारखाना आमच्या शेजारी कळमेश्वरला आहे. इतकी सोयरीक असून आमच्या उन्हाची ही किंमत! मी बायकोच्या केकच्या ओव्हनकडे पाहिलं. ओव्हन 250 अंशांवर थांबतो. ती त्याच्या आधीच थांबवते.

वेल्डरने गंज घासला, पिशवीतून अडीच मिलिमीटरचा 6013 काढला, करंट ऐंशीच्या आत ठेवला आणि दोन मिनिटांत पाय जोडला.

पुडा माळ्यावर आहे. मेमध्ये कोणी पाहुणा “काय हे नागपूरचं ऊन!” म्हणाला, की मी माळ्याकडे बोट दाखवतो. तिथे एकाला अजून थंडी वाजतेय.