मुंडीपारचा निष्कलंक कारखाना

हरित ऊर्जेचे पुरस्कार वाटणाऱ्या मंडळींविरुद्ध आमची एक तक्रार आहे. दरवर्षी ही मंडळी गुजरात, राजस्थान, तामिळनाडू पालथं घालतात, कुठल्या कंपनीने किती कार्बन वाचवला याचे तक्ते काढतात आणि भंडारा जिल्ह्याकडे ढुंकूनही पाहत नाहीत. इथे साकोलीजवळ मुंडीपारला सौर प्लेटांचा असा एक कारखाना आहे, ज्याने मे 2013 पासून आजवर हवेत धुराचा कण सोडलेला नाही. सांडपाणी शून्य. अपघात शून्य. कामगारांचा संप एकदाही नाही. विजेची तर एवढी काटकसर की मीटर घ्यायचीही गरज पडली नाही. कारखाना बांधायचा तेवढा राहून गेला, ही किरकोळ बाब सोडली तर जगात याला तोड नाही.

कारखाना भारत हेवी इलेक्ट्रिकल्सचा, म्हणजे भेलचा. (या नावावरून मुरमुऱ्यांचे आणि कांद्याचे जे विनोद जिल्ह्याच्या प्रत्येक पानठेल्यावर होतात, ते इथे करणार नाही. लोकांच्या तोंडचा घास काढून घेऊ नये.) गुंतवणूक सुमारे 2,700 कोटींची ठरली होती, जमीन सुमारे पाचशे एकर. सिलिकॉन शुद्ध करण्यापासून चकत्या कापण्यापर्यंत आणि सेल जोडून काचेखाली बसवण्यापर्यंत सगळं इथेच होणार होतं, वर्षाला 600 मेगावॉटच्या प्लेटा निघणार होत्या. भूमिपूजन खुद्द केंद्रीय अवजड उद्योगमंत्र्यांनी केलं, आणि तेच इथले खासदारही होते. नवरदेव घरचा, भटजी घरचा, मांडव घरचा. लग्न मोडायला कारण काय उरतं?

आता उद्योगमंत्री परका असता, तर महाराष्ट्रावर अन्याय झाला म्हणून आपल्याला गळा काढता आला असता. तीही सोय नाही. 2009 ते 2021 या काळात दिल्लीतलं अवजड उद्योग खातं सांभाळलं कोणी, तर विलासराव देशमुख, प्रफुल्ल पटेल, अनंत गीते, अरविंद सावंत आणि प्रकाश जावडेकर. ओळीने पाच, पाचही महाराष्ट्राचे. काँग्रेस, राष्ट्रवादी, शिवसेना, भाजप, कोणताही पक्ष नाराज राहू नये अशी चोख वाटणी. खातं खरोखरच अवजड असावं. पाच जणांनी हात लावला, पण मुंडीपारचा दगड जागचा हलला नाही.

मतदारसंघानेही आपल्या परीने खांदेपालट करून पाहिला. 2014 ला प्रफुल्ल पटेलांना पाडून भाजपचे नाना पटोले. त्यांनी राजीनामा दिल्यावर 2018 च्या पोटनिवडणुकीत राष्ट्रवादीचे मधुकर कुकडे, 2019 ला भाजपचे सुनील मेंढे, 2024 ला काँग्रेसचे प्रशांत पडोळे. दर खेपेला नवा गडी, आणि दर खेपेला प्रचारात भेल. एखाद्या कारखान्याने अस्तित्वात न येता इतक्या सभांना विषय पुरवल्याचं उदाहरण शोधून काढा. यातल्या कोणालाही विचारा, दोष समोरच्याचाच निघतो. त्या बाबतीत सर्वपक्षीय एकमत आहे.

खरं कारण या सगळ्यांच्या आवाक्याबाहेरचं होतं, म्हणून त्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही. आपण इथे कुदळ मारत होतो तेव्हा चीनने प्लेटांचे भाव पार जमिनीवर आणले होते. देशी माल वापरण्याची अट घालून आपले कारखाने जगवावेत, तर त्याच वर्षी फेब्रुवारीत अमेरिकेने जागतिक व्यापार संघटनेकडे तक्रार ठोकली आणि 2016 मध्ये आपण ती हरलो. आज प्लेट बनवण्याच्या प्रत्येक टप्प्यात चीनचा वाटा 80 टक्क्यांच्या वर आहे. उशिरा जाग येऊन 2021 नंतर सरकारने देशी उत्पादनासाठी प्रोत्साहनाची थैली मोकळी केली, तोवर कारखान्यांनी मुंद्रा, जामनगर, नवसारीकडचं चिखली असे पत्ते शोधले होते. बंदर जवळ, धनी खाजगी. जानेवारी 2025 मध्ये देशाची सौर क्षमता एक लाख मेगावॉटच्या पुढे गेली. त्यात मुंडीपारच्या प्लेटा किती, हा प्रश्न परीक्षेत विचारला तर भंडाऱ्याचं पहिलीतलं पोरगंही पैकीच्या पैकी गुण घेईल.

तरी आम्ही पुरस्काराच्या मागणीवर ठाम आहोत, आणि त्याला शास्त्राचा आधार आहे. सिलिकॉन शुद्ध करायला हजार अंशांच्या वरची भट्टी लागते, आणि ती भट्टी वीज अशी पिते की काही विचारू नका. ही वीज आली असती कुठून? शेजारच्या तिरोड्याहून. 1999 ला गोंदिया वेगळा होईपर्यंत तिरोडा आपल्याच जिल्ह्यात होतं. आज तिथे अदानींचं 3,300 मेगावॉटचं औष्णिक केंद्र आहे. म्हणजे कोळसा जाळून सूर्याच्या प्लेटा भाजाव्या लागल्या असत्या. मुंडीपारने तो कोळसा वाचवला. आता याचे कार्बन क्रेडिट कोणाला द्यायचे, पाच माजी मंत्र्यांना की जमीन देऊन बसलेल्या शेतकऱ्यांना, एवढाच तांत्रिक मुद्दा बाकी आहे. शेतकरी वेडे आहेत. ते क्रेडिट मागत नाहीत, जमीन परत मागतात.

बरं, सूर्याच्या बाजूने काही कसूर होती म्हणावं, तर तेही नाही. 28 मे 2018 ला पोटनिवडणुकीचं मतदान होतं, ऐन नवतपात. ठिकठिकाणी व्हीव्हीपॅट यंत्रं बंद पडली, उन्हाच्या तडाख्याने पडली असा खुलासा झाला, आणि 49 केंद्रांवर दोन दिवसांनी पुन्हा मतदान घ्यावं लागलं. सौर ऊर्जेची क्षमता मोजायला लोक महागडी उपकरणं लावतात. आमच्याकडे ती निवडणूक आयोगाने फुकटात मोजून दिली.

आणि जिल्हा हरित क्रांतीला काहीच देत नाही असंही नाही. तुमसर तालुक्यात चिखला आणि डोंगरी बुजुर्गला मॉईलच्या मँगनीजच्या खाणी आहेत. डोंगरीच्या मँगनीज डायऑक्साइडवर कोरड्या बॅटऱ्या बनतात. घरातल्या टॉर्चमध्ये आपला डोंगर असू शकतो, आणि त्या टॉर्चचा उपयोग काय हे लोडशेडिंगवाल्या गावांना शिकवायला नको. याच मॉईलने 20 मेगावॉटच्या पवनचक्क्या उभारल्या, त्या मध्य प्रदेशात, देवासला. खड्डा तुमसरला, पंखा देवासला. वारा तिकडे जास्त आहे, हे मान्य. आमच्याकडे जे जास्त आहे त्याचं काय केलं, ते वर सांगितलंच.

सध्या जिल्ह्यात जोर आहे तो ‘मागेल त्याला सौर कृषिपंप’ योजनेचा. तिला नावं ठेवायचा आमचा इरादा नाही. रात्री दोन वाजता लाइन येते म्हणून हातात टॉर्च घेऊन, रानडुकरांना चुकवत बांधीवर जाणाऱ्या माणसाला दिवसा पाणी मिळणार असेल, तर त्याहून मोठं समाजकार्य नाही. दहा टक्के रक्कम भरायची, अनुसूचित जाती-जमातींनी पाच. अडीच एकरापर्यंत तीन एचपीचा पंप, पाच एकरापर्यंत पाचचा. पाच वर्षं दुरुस्ती कंपनीकडे. अडचण फक्त धानाची आहे. रोवणीच्या दिवसांत आभाळ भरून येतं, चार-चार दिवस बरसत नाही आणि हटतही नाही. पऱ्हे पिवळे पडायला लागतात. वरून पाऊस नाही, प्लेटांना ऊन नाही, आणि सोलरचा पंप घेतला म्हणून विजेचं कनेक्शन मागायची सोय नाही. एक शेतकरी म्हणाला, “भाऊ, आधी एकट्या पावसाची वाट पाहत होतो, आता पावसाची न उनाची, दोघांची पाहतो.”

परवा तालुक्याच्या एका ऑनलाइन सेंटरवर हाच फॉर्म भरायला एक म्हातारबा आले होते. धोतर, खांद्यावर दुपट्टा, प्लॅस्टिकच्या पिशवीत कागद. पोराने आधार घेतलं, बँकेचं पासबुक घेतलं.

“सातबारा द्या, बाबाजी.”

त्यांनी दिला. पोराने तो उजेडाकडे धरून पाहिला.

“यावर तर तुमच्या नावाला कंस हाय जी.”

“जमीन गेली ना कारखान्यात.”

“कोणत्या?”

“सोलरच्या.”

पोराने कागद पिशवीत परत घातले आणि लाइनीतल्या पुढच्या माणसाला हाक मारली.