गुलाल पडून आहे

आमच्या तालमीचं नाव इथं सांगणार नाही. एक तर अब्रूचा प्रश्न आहे. दुसरं म्हणजे, छापलेलं कुणी वाचलंच तर ‘लई शाना झालायस’ म्हणून पुढच्या मॅचला मलाच डिफेन्सला उभं करतील. आमचा सध्याचा डिफेन्स बघितला तर ही भीती अगदीच हवेतली नाही.

बाहेरगावच्या माणसाला आधी एक गोष्ट समजावून सांगावी लागते. कोल्हापुरात तालीम म्हणजे कुस्तीचा आखाडा, आणि तालीम म्हणजेच फुटबॉलची टीमसुद्धा. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, बालगोपाल तालीम. नावं ऐकून लाल मातीतले पैलवान डोळ्यांसमोर येतात, पण ही पोरं राजर्षी शाहू स्टेडियमवर हाफपँट घालून चेंडूमागं पळत असतात. एका टीमचं नाव दिलबहार आहे, तर एकीचं उत्तरेश्वर प्रासादिक वाघाची तालीम. मँचेस्टरवाल्यांना ‘सिटी’ आणि ‘युनायटेड’च्या पुढं काही सुचलं नाही, आणि इकडं प्रासादिक वाघ मैदानात उतरतो.

खेळाडू तालीम बदलू शकतो. सीझनच्या आधी नोंदणीचे दिवस आले की कोण कुठं चालला याच्या बातम्या चहाच्या गाड्यावर लग्नाच्या स्थळांसारख्या फिरतात. गेल्या वर्षी आपल्याकडून सोपे गोल घालवणारा पोरगा यंदा पलीकडून खेळतो आणि आपल्यावरच दोन मारतो. बघणाऱ्याला मात्र ही सोय नाही. माझी नोंदणी जन्मदाखल्याबरोबरच झाली. आजोबा याच तालमीचे, वडील याच तालमीचे, आणि दोघांचंही ब्लडप्रेशर याच तालमीचं.

यंदा सीझन सुरू व्हायच्या आधी मी एक किलो गुलाल आणून माळ्यावर ठेवला. पहिली मॅच जिंकलो की उधळायचा. पहिली मॅच हरलो. दुसरी हरलो. तिसरी बरोबरीत सुटली. त्या रात्री गल्लीत थोडा उधळावा का, यावर चर्चा झाली, पण बरोबरीला गुलाल लावला तर लोक हसतील असं ठरलं. मग पुन्हा दोन हरलो.

हरण्याचंही मला काही नाही. कसं हरतो ते बघवत नाही. परवाचीच गोष्ट घ्या. आमचा फॉरवर्ड एकटा सुटला. पुढं फक्त गोलकीपर, तोही घसरून पडलेला. अख्खी गॅलरी उभी राहिली. मी शेजारच्या अनोळखी माणसाच्या खांद्यावर चढायच्या बेतात होतो. आणि या पठ्ठ्यानं सावकाश मान वर करून चेंडू असा काही हाणला की तो पोस्टवरून, कुंपणावरून मागच्या प्रेक्षकांत गेला. तिथं एक शेंगदाणेवाला होता. त्यानं डोक्यावरची पाटी न हलवता एका हातानं चेंडू झेलला. वरून कुणीतरी ओरडलं, “त्यालाच घ्या रं गोलात!” त्या दिवशी आमच्या गोलकीपरनं तीन खाल्ले होते, म्हणून सूचना अगदीच वाह्यात वाटली नाही.

मॅच संपते, हरणं संपत नाही. रात्री तालमीच्या कट्ट्यावर चहा येतो आणि पोस्टमार्टेम सुरू होतं. अध्यक्षस्थानी आण्णा. आण्णा स्वतः एके काळी लेफ्ट-आउट खेळायचे आणि अजूनही चालताना डावीकडं कलतात. त्यांचं निदान ठरलेलं: “पहिल्या हाफला आपण बरं खेळतोय. हाफटाइमनंतर बाजू बदलतात, तितंच घोळ हुतोय.” बाजू बदलू नये असा अर्ज केएसएकडं, म्हणजे कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनकडं, द्यावा का, यावर एका रात्री खरंच अर्धा तास गेला.

मधे एक परदेशी खेळाडूही आणला. कोल्हापूरला नायजेरियाचे खेळाडू नवे नाहीत, पण आमच्या तालमीला तेवढं झेपत नव्हतं. वर्गणी काढली, खोली बघितली, पहिल्याच दिवशी मिसळ खायला घातली. पोरगा गुणी निघाला. पहिल्या मॅचला त्यानं अख्खं मैदान एकट्यानं पळून काढलं आणि एक गोलही केला. दुसऱ्या मॅचला ‘हाच सगळं खेळणार, मग आम्ही काय करायचं’ म्हणून आमच्या पोरांनी त्याला पास देणं बंद केलं. तिसऱ्या मॅचपर्यंत तोही कमरेवर हात ठेवून रेफ्रीशी वाद घालायला लागला, तोही चक्क मराठीत. आण्णा समाधानानं म्हणाले, “रुळला.”

आमच्या गल्लीत शेवटचा गुलाल पडला तो डिसेंबर 2022 मध्ये, मेस्सीची अर्जेंटिना पेनल्टीवर वर्ल्डकप जिंकली तेव्हा. तिकडं कतारमध्ये कुणीतरी गोल मारायचा आणि इकडं आम्ही नाचायचं, एवढीच आमची कामगिरी. पण त्यात एक सुख होतं: मेस्सीच्या घरी वर्गणी मागायला जावं लागलं नाही.

खरा जाच सासुरवाडीचा. बायको पलीकडच्या पेठेतली. त्या पेठेच्या तालमीचं नावही सांगत नाही, त्यांना एवढी जाहिरात कशाला. लग्न ठरवताना पत्रिका बघितली, पगार बघितला, तालीम बघायची राहिली. आम्ही हरलो की रात्री बरोबर नऊला सासऱ्यांचा फोन येतो. मॅचचा विषय चुकूनही काढत नाहीत. “काय पाव्हणं, तब्येत बरी हाय न्हवं?” एवढंच. परवाच्या आधी चार मॅच हरलो, चारदा माझी तब्येत विचारली. लग्नानंतर मला टायफॉइड झाला होता, तेव्हा एकदाच विचारली होती.

परवाच्या त्या शेंगदाणेवाल्या मॅचनंतर मी फोन समोर ठेवून बसलो. नऊ वाजले. सव्वानऊ झाले. फोन नाही. साडेनऊला माझाच जीव वरखाली व्हायला लागला. वयस्कर माणूस आहे. शेवटी मीच लावला.

“मामा, तब्येत बरी हाय न्हवं?”

पलीकडं बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज.

“आमच्यांनीबी आज चार खाल्ले,” मामा म्हणाले.

मला आनंद व्हायला हवा होता. तोंडातून निघालं, “कसं काय ओ?”

“काय सांगायचं. हाफटाइमनंतर बाजू बदलली न्हवं...”

मग दोघंही गप्प. फोन मात्र कुणी ठेवला नाही. जरा वेळानं मामा म्हणाले, “पाव्हणं, चैत्रात जोतिबाला जाऊया की. माझ्याकडं दोन किलो गुलाल पडून हाय.”

“एक किलो माझ्याकडं हाय,” मी म्हणालो.