काही होत नाही हो!

मराठी कुटुंबाची सहल ठरते तेव्हा पहिला ठराव खाण्याचा होतो. कुठे जायचं, कसं जायचं, हे सगळं मागाहून. कोलाडला कुंडलिका नदीत राफ्टिंग करायचं असं भाच्याने जाहीर केलं, तेव्हा काकूंनी पहिलं काय विचारलं असेल, तर ‘‘त्या होडीत डबा नेता येतो का रे?’’ येत नाही म्हटल्यावर अर्ध्या मंडळींचा नदीवरचा विश्वास उडाला. उरलेल्यांनी नियोजनाचं काम सर्वानुमते माझ्यावर टाकलं. आमच्याकडे सर्वानुमते म्हणजे ज्याच्यावर काम पडणार तो चहा आणायला आत गेलेला असताना.

मी नदीपासून सुरुवात केली. कळलं ते असं, की कुंडलिकेतला तो खळाळ मुळात कुंडलिकेचा नाहीच. पाणी आहे मुळा नदीचं. मुळशीला टाटांचं धरण झालं, ज्याच्याविरुद्ध १९२१ साली सत्याग्रह झाला आणि पांडुरंग महादेव बापटांचे ‘सेनापती’ बापट झाले, तेच हे धरण. त्यातलं पाणी आपल्या वाटेने गेलं असतं तर पूर्वेला पुण्याकडे वाहिलं असतं, आणि भीमा-कृष्णेतून बंगालच्या उपसागराला मिळालं असतं. ते सह्याद्रीच्या पश्चिम अंगाने सुमारे पाचशे मीटर खाली उतरवून भिऱ्याच्या वीजघरातली चक्रं फिरवायला लावतात. १९२७ पासून हे चाललंय. वीज काढून झाली की पाणी कुंडलिकेत सोडून देतात आणि ते रोह्यावरून रेवदंड्याला अरबी समुद्रात जातं.

हे ऐकून काका ताठ बसले. ‘‘म्हणजे आमचंच पाणी कोकणात न्यायचं आणि आमच्याकडूनच पैसे घेऊन आम्हाला दाखवायचं?’’ पाणीपट्टीची पावती दाखवल्यास सवलत मिळते का, याची चौकशी करायला त्यांनी मला बजावलं.

या भूगोलाचा व्यवहारी अर्थ एवढाच, की वीजघर चालू तर नदी चालू. मुहूर्त भटजींनी नव्हे, वीजघराने काढायचा, आणि तो बहुधा सकाळचा निघतो. ‘‘निवांत पोहे खाऊन अकराला निघू’’ म्हणणाऱ्याला तिथे ओले दगड बघायला मिळतील. उलटंही खरं. धरणाखालच्या नदीत आत्ता कोरडा दिसणारा दगड थोड्या वेळाने पाण्याखाली असू शकतो, म्हणून पात्रात मध्यभागी बसून फोटो काढायचे नाहीत. नियोजनाच्या वहीत हे कलम मी ठळक लिहिलं आणि शेजारी भाच्याचं नाव घातलं.

पुढचा वाद श्रेणीवरून. खळाळांना एक ते सहा अशी श्रेणी असते. एक म्हणजे नुसतं हलतं पाणी, सहा म्हणजे शहाण्याने वाटेला जाऊ नये असं. कुंडलिका साधारण दोन-तीनमध्ये बसते. मेहुण्याला हा सरळ अपमान वाटला. ‘‘आमच्या घराण्यात आजवर कुणी थर्ड क्लासमध्ये नाही,’’ तो म्हणाला. त्याला हृषीकेशला जायचं होतं. तिथे गंगेवर ब्यासीजवळ ‘द वॉल’ नावाचा दांडगा खळाळ आहे, हे त्याने कुठेतरी वाचलं होतं. मी त्याला समजावलं, की श्रेणी कायमची नसते. पाणी चढलं की तोच खळाळ परीक्षा न देता वरच्या वर्गात जातो. शिवाय एडमंड हिलरींचं उदाहरण दिलं. १९७७ साली ते जेट बोटी घेऊन समुद्राकडून गंगेने वर निघाले आणि नंदप्रयागजवळ धबधबा आडवा आला तेव्हा बोटींचा प्रवास त्यांनी तिथेच थांबवला. एव्हरेस्ट चढलेल्या माणसाला पाण्यापुढे ‘पुरे’ म्हणायला कमीपणा वाटला नाही. मेहुणा अजून सिंहगडसुद्धा गाडीनेच चढतो.

मग राफ्टिंगवाल्यांना फोन. पहिल्या गृहस्थांना विचारलं, हेल्मेट सगळ्यांना मिळेल ना? ‘‘काही होत नाही हो साहेब.’’ बचावाचा दोर असतो का? ‘‘आपल्याकडे काही होत नाही.’’ सोबत सेफ्टी कयाक? गाइडला प्रथमोपचार येतात? पाणी जास्त असेल तर फेरी रद्द कोण करणार? ‘‘साहेब, बिनधास्त या, काही होत नाही.’’ भारतातले निम्मे अपघात याच वाक्यानंतर होत असावेत अशी माझी शंका आहे.

दुसऱ्या माणसाने मला बोलूच दिलं नाही. ‘‘चौदा वर्षांखाली कुणी आहे? हार्टचा त्रास? पाठीचं दुखणं? कुणाला दिवस गेलेत? दारू पिऊन आलेला माणूस काठावर राहील, पैसे परत मिळणार नाहीत. पाणी जास्त वाटलं तर मी नेणार नाही, वाद घालायचा नाही.’’ मी तिथल्या तिथे बुकिंग केलं. तोंडावर नाही म्हणणारा माणूस पुणेकराला घरचाच वाटतो.

आदल्या रविवारी दिवाणखान्यात सतरंजी अंथरून तालीम घेतली. होडीतून पडलात तर उताणं व्हायचं, पाय प्रवाहाच्या दिशेला, पायाची बोटं पाण्याच्या वर, आणि काही झालं तरी उभं राहायचं नाही.

‘‘गुडघाभर पाण्यात उभं राहायला काय होतं?’’ काकांनी विचारलं.

‘‘काका, एक घनमीटर पाणी म्हणजे एक टन. वाहत्या पाण्यात खडकाच्या फटीत पाऊल अडकलं, की मागचं पाणी माणसाला वाकवून खाली दाबून धरतं. मग ते गुडघाभर असलं तरी पुरतं.’’

काका थोडा वेळ गप्प होते. आमच्याकडे ही नोंद घेण्यासारखी घटना आहे.

मेहुण्याचं म्हणणं, त्याला पोहता येतं, टिळक टँकला तो रोज जायचा. मी म्हटलं, टँकचं पाणी जागच्या जागी असतं आणि शिट्टी वाजली की बाहेर काढतात; नदीत लाइफ जॅकेट पोहणाऱ्यानेही घालायचं. काकू मात्र मनापासून सतरंजीवर पडल्या होत्या. ‘‘पायाची बोटं वर, काकू.’’ ‘‘अरे, गुडघ्याच्या ऑपरेशनपासून एवढीच होतात.’’ त्याच अवस्थेत, पाय प्रवाहाच्या दिशेला ठेवून, त्यांनी आत हाक दिली, ‘‘तीन शिट्ट्या झाल्या गं, कुकर बंद कर!’’ प्रसंगावधान यालाच म्हणतात.

‘फॉरवर्ड’ म्हटलं की सगळ्यांनी एकदम वल्हवायचं, हे काही तालमीत जमलं नाही. आमच्या घरात सगळे मिळून एकदम करतात अशी एकच गोष्ट, आरती. आणि तीही चालीवरून फिसकटते. काका प्रत्येक ‘फॉरवर्ड’ला ‘‘का?’’ विचारत होते.

ठरल्या दिवशी मुळशीचं पाणी डोंगराच्या पोटातून खाली गेलं आणि आम्ही ताम्हिणी घाटाने, आपापली पोटं धरून. काकू डब्यांची राखण करायला काठावर थांबल्या. गाइड तिथल्याच गावचा, भाच्याच्या वयाचा पोरगा. त्याने एकेकाच्या जॅकेटचे खांदे धरून वर ओढून पाहिले. काकांचं जॅकेट कानापर्यंत आलं. त्याने पट्टे आवळले. ‘‘श्वास घेता येतोय, काका?’’ ‘‘येतोय.’’ ‘‘मग अजून थोडं.’’ आणि वल्ह्याची वरची मूठ सोडायची नाही, सुटली तर शेजाऱ्याचे दात जातात, असं त्याने मेहुण्याकडे बघत सांगितलं. शेजारी मी होतो. पहिल्या ‘फॉरवर्ड’ला काकांनी कारण विचारलं नाही, वल्हं मारलं. आम्ही सगळे एवढे चकित झालो, की आमचं वल्हं मारायचं राहिलं.

एका लाटेत भाचा बाहेर फेकला गेला. उताणा, पाय पुढे, बोटं वर, अगदी सतरंजीवरच्यासारखा वाहत राहिला; दोर आला, त्याने तो धरला, गाइडने जॅकेटच्या खांद्यांना धरून त्याला आत ओढलं. याहून जास्त काही घडलं नाही.

‘‘एवढं करून काहीच झालं नाही,’’ परतीच्या वाटेवर मेहुणा कुरकुरला. आता हीच अडचण आहे. सुरक्षित सहलीत सांगण्यासारखं काही घडत नाही, आणि आपण तर सांगण्यासाठीच सहलीला जातो. पण त्याने धीर सोडला नाही. गणपतीपर्यंत ती लाट पहिल्या मजल्याएवढी झाली, दिवाळीत दुसरा मजला चढला, आणि आता भाच्याला मेहुण्याने स्वतः उडी मारून वाचवलेलं आहे. काका शेजारी बसून माना डोलावतात, काकू काठावरून सगळं पाहिल्याचं सांगतात, भाचाही नाही म्हणत नाही. मीही खोडून काढत नाही. थापा मारायला मंडळी झाडून सगळी परत आली, एवढंच नियोजकाने बघायचं असतं.