पावसाळी दादा

पावसाळ्यात लोणावळ्याला दोन प्रकारचे पाहुणे येतात. पहिला भुशी डॅमच्या पायऱ्यांवर बसून भिजतो, कणीस खातो आणि चिक्कीचे पुडे घेऊन आल्या वाटेने जातो. त्याचा त्रास फक्त रस्त्याला. दुसरा थेट घरात शिरतो, टीव्हीसमोरचा सोफा बळकावतो आणि रविवार संध्याकाळपर्यंत हलत नाही. हा घरचाच थोरला मुलगा, म्हणजे दादा. तुंगार्ली असो, वलवण असो की भांगरवाडी, प्रत्येक आळीत एकतरी सापडतोच.

पुण्याचा दादा लोकलने येतो, मुंबईचा शुक्रवारी डेक्कन क्वीनने. आमचा मुंबईवाला. त्याच्या पाठीवरची सॅक बघून आईला वाटतं, पोराने कपडे बरे आणलेत. आत टॉवेलात गुंडाळलेला प्लेस्टेशन असतो. साडेचार किलोचं ते धूड ठेवल्यावर कपड्यांना जागा कुठली? म्हणून मग दोन दिवस बाबांचा लेंगा. वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या गावात बाबांचाच दुसरा लेंगा वाळलेला नसतो, हे त्याच्या गावीही नसतं.

पहिला कंट्रोलर त्याचा. यावर चर्चा होत नाही. याचं मूळ आमच्या लहानपणीच्या 'टीव्ही गेम'मध्ये आहे. निन्टेंडोने १९८३ साली जपानात 'फॅमिली कॉम्प्युटर' काढला आणि पुढे त्याच्या स्वस्त नकला आपल्याकडे घरोघरी आल्या. मूळ यंत्राच्या दुसऱ्या कंट्रोलरवर 'स्टार्ट' आणि 'सिलेक्ट' ही बटणंच नव्हती. खेळ सुरू कधी करायचा, थांबवायचा कधी, सगळं पहिल्याच्या हातात. मराठी घरातलं थोरलेपण त्या जपानी इंजिनिअरांना कुणी समजावून सांगितलं, देव जाणे.

'कॉन्ट्रा'ने तर कहर केला. त्यात धबधब्याचा एक टप्पा आहे. उड्या मारत वर चढायचं; जो पुढे जाईल त्याच्यामागे पडदा वर सरकतो आणि खाली राहिलेला फुकट मरतो. दादाने त्या धबधब्यावर कधी मागे वळून पाहिलं नाही. "तू हळू चढतेस त्याला मी काय करू?" हे वर. आणि स्वतःचे जीव संपले की जोडीदाराच्या शिलकीतला एक घ्यायची सोयही त्या गेममध्ये होती. दादाला दप्तर भरायला कधी जमलं नाही, ही सोय मात्र पहिल्याच दिवशी सापडली. माझ्या जिवांवर तो बऱ्याच लढाया जिंकलाय.

आता दोघंही नोकरी करतो, ईएमआय भरतो, पण हातात कंट्रोलर आला की तो बारा वर्षांचा आणि मी नऊ. सध्या त्याला 'ओव्हरकुक्ड'चं वेड आहे. दोघांनी मिळून हॉटेलचं स्वयंपाकघर चालवायचं. तीन कांदे चिरून पातेल्यात टाकले की सूप, दुर्लक्ष झालं की आग. परवाच्या शनिवारी बाहेर धो धो कोसळत होतं, आई आत भजी तळत होती आणि दादा सोफ्यावरून ओरडत होता, "अगं कांदा चिर! मी ताटल्या घासतो! बघ, दोन घासल्या!"

आई हातात झारा घेऊनच बाहेर आली. "घासतोयस? कुठे?"

दादाने टीव्हीकडे बोट दाखवलं. आईने टीव्ही पाहिला, मग मोरीतला दुपारच्या भांड्यांचा ढीग पाहिला. दादाने 'पॉज' दाबलं, दोन भजी उचलली, पुन्हा 'स्टार्ट' दाबलं. आमच्या घरात पहिल्या कंट्रोलरचे अधिकार इतके आहेत.

हरल्यावर मात्र दादाचा कधीच दोष नसतो. हवेत दमटपणा आहे, बटण अडकतंय. स्टिक आपोआप डावीकडे सरकतेय. टीव्ही जुना आहे, चित्र उशिरा येतं. भज्यांनी बोटं तेलकट झालीत. एकदा त्याने खिडकीबाहेरच्या धुक्यालाही जबाबदार धरलं होतं. खेळत होतो आत, कार रेस.

या शास्त्राला तडा दिला तो वहिनीने. एरवी ती वरच्या खोलीत पुस्तक घेऊन झोपते. त्या दिवशी वीज गेली, इन्व्हर्टरवर टीव्ही तेवढा चालू राहिला, म्हणून खाली आली आणि 'टेकन'मध्ये माझ्या जागी बसली. कोणतं बटण कशाचं, हे तिने विचारलंही नाही. सगळी एकदम दाबत सुटली. दादा वर्षानुवर्षं घोकलेले डाव मनात जुळवत होता, तोवर त्याचा पैलवान आडवा.

"आता पहिला कंट्रोलर मला दे," वहिनी म्हणाली.

दादाने निमूट दिला. मला कोपराने ढोसून पुटपुटला, "मी मुद्दाम हरलो हं. पाहुणी आहे ती."

"पाहुणी?" वहिनी टीव्हीवरची नजर न काढता म्हणाली. "लेंगा कुणाचा घातलायस?"