मॅट फुकट

मराठी माणसाला घासाघीस जमत नाही असं म्हणणाऱ्याने रविवारी सकाळी इंदिरानगरातल्या एखाद्या मोटारीच्या शोरूममध्ये नुसतं बसून पाहावं. पुण्या-नागपूरहून नोकरीसाठी बंगळुरूला आलेलं आणि पुढे इथलंच होऊन गेलेलं एखादं जोडपं तिथे हमखास सापडतं. रबरी मॅट, मडफ्लॅप, सीट कव्हर, डॅशबोर्डवरचा गणपती आणि त्याच्या शेजारची अत्तराची बाटली एवढ्या गोष्टी फुकट मिळाव्यात म्हणून ते इतक्या निकराने भांडतं की विक्रेता दोनदा ‘मॅनेजरना विचारून येतो’ म्हणत आत जातो, निवांत कॉफी पिऊन बाहेर येतो आणि पडलेल्या चेहऱ्याने मॅट मान्य करतो. तेवढ्या वेळात बाहेर उन्हात उभी असलेली त्यांची जुनी गाडी, एका शब्दाचीही घासाघीस न होता, शोरूमने सांगितलेल्या किमतीला गेलेली असते. म्हणजे घासाघीस जमत नाही हा आरोप खोटा आहे. ती उत्तम जमते, फक्त हजार रुपयांच्या वस्तूवर खर्च होते. जुनी देऊन नवी घेताना खरा आकडा एकच असतो, तो म्हणजे ‘वर किती घालायचे’. शोरूमची सगळी कला या आकड्याचे दहा तुकडे करून त्यातले नेमके बिनमहत्त्वाचे तुकडे आपल्यापुढे भांडायला ठेवण्यात आहे.

नव्या गाडीच्या किमतीत भांडायला जागा किती असते ते पाहा. एक्स-शोरूम किंमत फोनवर दोन मिनिटांत कळते. तिच्यावरचा रोड टॅक्स सरकारचा, आणि कर्नाटक सरकार त्याबाबतीत हात आखडता घेत नाही. दहा ते वीस लाखांच्या पेट्रोल गाडीला महाराष्ट्रात 12 टक्के कर, तर इथे 17 टक्के आणि वर उपकर. बारा लाखांच्या गाडीवर नुसता हा फरक साठ हजारांचा होतो. मॅटचं काय घेऊन बसलात? दहा लाखांवरच्या गाडीला टीसीएसचा एक टक्का द्यावा लागतो, पण तो आयकर विवरणपत्रात वळता करून घेता येतो, तेव्हा त्यासाठी कपाळाला आठ्या घालण्याचं कारण नाही. उरला विमा. तो शोरूममधूनच घेतला पाहिजे असा कायदा नाही, आणि जुन्या गाडीवर साठलेला नो क्लेम बोनस गाडीचा नसून मालकाचा असतो, म्हणून तो नव्या गाडीच्या विम्यात वापरता येतो. शोरूमच्या कोटेशनमध्ये ही ओळ नेमकी विसरली जाते. फुलांच्या हाराचे पैसे मात्र कधी विसरलेले ऐकिवात नाहीत. एकच भाव असला की सगळी कटकट मिटेल, असं काहींचं म्हणणं. मर्सिडीज-बेंझने 2021 मध्ये भारतात तेही करून दाखवलं: देशभर एक किंमत आणि विक्री थेट कंपनीकडून. पण देशभर एक किंमत फक्त नव्या गाडीची ठेवता येते. जुनी गाडी एकेकटी असते, तिचा भाव कोणती कंपनी छापून ठेवणार?

आणि इथेच आपण हरतो, कारण जुन्या गाडीच्या बाबतीत आपण किंमत मागत नाही, मान मागतो. समजा, एका शोरूमने जुन्या गाडीचे तीन लाख आणि नवीवर साठ हजारांची सूट देऊ केली. दुसऱ्याने जुनीचे साडेतीन लाख आणि सूट दहा हजार. हिशेब तोच, पण घरोघरी दुसरा शोरूमवाला सज्जन ठरतो, कारण त्याने ‘आपल्या गाडीची कदर केली’. हे त्यालाही ठाऊक असतं. म्हणून आधी त्याचा तपासनीस येतो, रंगाची जाडी मोजायचं यंत्र दरवाजाला लावतो आणि काही न बोलता मान हलवतो. त्या हलत्या मानेने मालकाला जेवढं अपराधी वाटतं तेवढं त्याला मुलाच्या प्रगतिपुस्तकानेही वाटत नाही. जॉर्ज अकेरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने 1970 मध्ये जुन्या मोटारींच्या बाजारावरच निबंध लिहिला. त्याचं सार असं, की गाडीत खोट काय आहे ते विकणाऱ्याला माहीत असतं, घेणाऱ्याला नसतं, आणि म्हणून चांगल्या गाडीलाही वाईट भाव येतो. 2001 मध्ये त्याला नोबेल मिळालं. एक्स्चेंजच्या टेबलावर याच्या जोडीला आणखी एक अज्ञान असतं: खोट आपल्याला माहीत, पण बाजार शोरूमला माहीत. दोन्ही बाजूंना अर्धंच ठाऊक, पण आपण आपलं अर्धं चेहऱ्यावर घेऊन बसतो. चेहऱ्याचं महत्त्व तर सिद्धच झालं आहे. शिकागोजवळच्या शोरूममध्ये इयान एअर्स आणि पीटर सीगलमन यांनी सारखंच बोलायला शिकवलेली माणसं पाठवली, आणि गोऱ्या पुरुषांपेक्षा स्त्रियांना व कृष्णवर्णीयांना जास्त किंमत सांगितली गेली, असं त्यांच्या 1995 च्या शोधनिबंधात आहे. इंदिरानगरात हे काम गळ्यातली कंपनीची पट्टी करते. तिच्यामुळे कॉर्पोरेट डिस्काउंट मिळतो, आणि माणसाला वेळ नाही हेही समोरच्याला कळतं.

गाडी एमएच-12 असेल तर बोलायलाच नको. ‘सर, एमएच पासिंग’ एवढे शब्द उच्चारून विक्रेता जो उसासा टाकतो, त्याची किंमत आपल्याकडून वसूल होते. त्याचं म्हणणं अगदीच खोटं नाही. दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून जास्त राहिलेल्या गाडीला तिथला नंबर घ्यावा लागतो. म्हणजे पुण्याहून एनओसी आणा, इथे उरलेल्या आयुष्याचा कर भरा, मग केए-03 ची पाटी. पण ही सगळी यातायात आपल्या भावातून वजा करताना ती गाडी इथेच विकली जाईल असं कुणी लिहून देत नाही. ती उद्या सांगली-कोल्हापूरकडे गेली, तर तोच नंबर तिचा गुण ठरतो. ‘जुन्या गाडीवर आता 18 टक्के जीएसटी’ हेही असंच. तो व्यापाऱ्याच्या नफ्यावर लागतो, गाडीच्या अख्ख्या किमतीवर नाही. नफाच झाला नाही तर लागतही नाही.

मग जुनी गाडी बाहेर विकावी, नवी वेगळी घ्यावी, हा शहाणा सल्ला कुणीही देईल. बाहेर बहुधा जास्त पैसे मिळतात, हे खरंच आहे. पण एक्स्चेंज बोनस जातो, आणि आरसीवरचं नाव बदलेपर्यंत झोपही जाते. गाडी विकली तरी नोंदणी ज्याच्या नावावर, तोच कायद्याने मालक आणि अपघाताची भरपाईही त्याच्यावर, हे सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये स्पष्ट केलं. त्या खटल्यातली गाडी तर एकामागून एक कितीतरी हातांत फिरली होती. म्हणून सोयीलाही भाव असतो, आणि तो अवश्य द्यावा. फक्त तो किती, हे बाहेरचा देकार हातात असल्याशिवाय कळत नाही. शोरूममध्ये गाडी सोडली की सुटलो, असंही समजू नये. एप्रिल 2023 पासूनच्या नियमांनुसार जुन्या वाहनांच्या अधिकृत विक्रेत्याकडे गाडी सोपवल्याची नोंद परिवहनच्या पोर्टलवर होते आणि जबाबदारी त्याच्याकडे जाते. ती नोंद झाली का, हे विचारायला मॅटच्या भांडणाएवढाही दम लागत नाही.

‘हे शोभतं का आपल्याला?’ हा खास मराठी आक्षेप मात्र उरतोच. याला उत्तर इंदिरानगरच्या नावातच सापडतं. घरी मराठी बोलणारा, जगाने संयमासाठी डोक्यावर घेतलेला राहुल द्रविड 2021 च्या एका जाहिरातीत वाहतुकीच्या कोंडीत अडकून थेट ‘इंदिरानगरचा गुंडा’ झाला आणि शेजारच्या गाडीचा आरसा त्याने बॅटने फोडला. देशभर लोक हसले, कारण आरडाओरडा त्याचा नव्हेच. त्याचं काम ऑफस्टंपाबाहेरचा चेंडू सोडून देणं. शोरूममध्येही तेवढंच करायचं असतं. मॅट सोडायची, अत्तर सोडायचं, गणपतीची मनातल्या मनात क्षमा मागून तोही सोडायचा, आणि तीन ठिकाणांहून ‘गाडी तुमची, वर किती?’ या एकाच प्रश्नाचं लेखी उत्तर घ्यायचं. उत्तर मिळाल्यावर गप्प बसायचं. कर्नाटकात असल्या पेचावर ‘स्वल्प ॲडजस्ट माडि’, म्हणजे ‘थोडं जमवून घ्या’, हा रामबाण उपाय आहे. तो आपण न वापरता समोरच्याला वापरू द्यावा.

राहता राहिला मुहूर्त. पाडव्याला गाडी हवी हा आपला हट्ट, आणि त्याच दिवशी इथे उगादी. दोन राज्यांची भाविक गर्दी एका काउंटरवर आल्यावर सूट कोण देणार? सर्वांत स्वस्त पंधरवडा पितृपक्षाचा, पण तेव्हा गाडी म्हटलं की आई फोनवर गप्प होते. तिला दोष देण्यात अर्थ नाही. 2025 मध्ये जीएसटी परिषदेने लहान गाड्यांवरचा कर 28 वरून 18 टक्के केल्याचं 3 सप्टेंबरला जाहीर केलं आणि लागू केलं 22 तारखेपासून, म्हणजे सर्वपित्री अमावास्या उलटल्यावर, घटस्थापनेच्या दिवशी. योगायोग असेल. पण पितृपक्षात कोटेशन लेखी घेऊन आकडा पक्का करायचा आणि घटस्थापनेला डिलिव्हरी घ्यायची, याला धर्मशास्त्राची हरकत असल्याचं अजून कुणी दाखवलेलं नाही.