आणि त्या डब्यात?

नाकेदार तुमच्या ओळखीचाच आहे. नगरच्या सावेडीतल्या एखाद्या अपार्टमेंटच्या दारात तो खुर्ची टाकून बसलेला असतो, मंगल कार्यालयात आहेराच्या वहीशेजारी असतो आणि एसटीत नेमका तुमच्या बाजूच्या सीटवर असतो. जकात नाके उठले. मुंबईची जकातसुद्धा 1 जुलै 2017 ला जीएसटी आल्यावर गेली. नाकेदार मात्र जागचा हलला नाही. दारात पाहुणा दिसला की 'या, बसा' म्हणण्याआधी त्याची नजर पिशवीवर जाते. कुठून आलात? पाथर्डीहून. कितीची गाडी? सहाची. पिशवीत काय? बाजरी. आणि त्या डब्यात? डब्यात ठेचा आहे हे त्याला वासावरूनच कळलेलं असतं, तरी तो झाकण उघडायला लावतो, वाकून नाक आत घालतो, करंगळीच्या टोकावर घेऊन चाखतो आणि 'लसूण कमी पडला' असा शेरा मारूनच माणसाला आत सोडतो. नाकेदार हा शब्द नाक्यावरून आला की नाकावरून, अशी शंका यावी इतकं त्याचं हे अवयवप्रेम दांडगं.

हा गावंढळ चोंबडेपणा आहे, असं शहाणी माणसं म्हणतात. मला ते पटत नाही. न्यूझीलंडसारख्या बेटांवरच्या पुढारलेल्या देशात शिडाची खासगी बोट घेऊन जाऊन पाहा. निदान 48 तास आधी वर्दी द्यायची, ठरवून दिलेल्या बंदरातच शिरायचं आणि 'बोटीवर सगळे निरोगी आहेत, आत घ्या' असं सांगणारा पिवळा झेंडा चढवून ताटकळत राहायचं. अधिकारी येऊन तपासून जाईपर्यंत किनाऱ्यावर पाय ठेवायचा नाही. माणूस महासागर ओलांडून, वादळं झेलून आलेला असतो. पण सुटाबुटातला तो साहेब विचारतो काय, तर स्वयंपाकघरात मध आहे का? ताजी फळं? मांस? आणि त्या डब्यात? मध निघाला तर जप्त. साहेबाला मधाचा लोभ नसतो. परक्या मधातून मधमाश्यांचा रोग आला तर बेटांवरच्या शेतीला फटका बसेल, ही त्याची काळजी. थोडक्यात, सावेडीचा नाकेदार आणि तिथला साहेब एकाच गोत्राचे. फरक इतकाच की साहेब चाखून बघत नाही.

नगरला समुद्र नाही, तेव्हा बंदराचे दाखले इथे कशाला, असं कुणी विचारील. त्याने नगरची निजामशाही आठवावी. चौल बंदर निजामशाहीचं होतं आणि त्याला लागूनच रेवदंड्याला पोर्तुगीज ठाण मांडून बसले होते. समुद्रात जायचं तर त्यांचा 'कार्ताझ' नावाचा परवाना जवळ हवा. जहाज कुणाचं, तांडेल कोण, शस्त्रं किती, माल कुठे चालला, सगळं त्यात लिहिलेलं. म्हणजे आपल्याच बंदरातून निघालेल्या जहाजाला परका नाकेदार विचारणार, आणि त्या पेटाऱ्यात? 1570-71 मध्ये मुर्तजा निजामशहाने चौलला वेढा घातला तो काही महिने चालला, पण आतल्या पोर्तुगीजांना रसद मिळतच राहिली. निजामशाहीच्याच अंमलदारांना नजराणे पोचत होते आणि त्यांत दारू विशेष होती, असं फिरिश्ता नोंदवतो. बालपणीच नगरला आलेला हा इतिहासकार. आपल्या माणसांची नस त्याला ठाऊक असणार. नगरच्या फौजेत 'आणि त्या पिंपात?' असं विचारणारा कुणी नव्हता असं मात्र समजू नका. विचारणारा होता. त्यानेही चाखून पाहिलं.

माझा मुद्दा इथेच आहे. चौकसपणा हा नाकेदाराचा दोष नव्हे. तो चौकसपणा नको तिथे खर्च करतो, हा त्याचा दोष. यावर 'नियम सगळ्यांना सारखाच' हे उत्तर ठरलेलं असतं. ते खरं असतं तर 1993 साली रायगडच्या शेखाडी किनाऱ्यावर आरडीएक्सची खोकी उतरली नसती. पुढे मुंबई बॉम्बस्फोटांच्या खटल्यात कस्टमचे अधिकारीही दोषी ठरले. ठेच्याच्या डब्यात नाक घालणाऱ्या जातीला खोक्यांसमोर अचानक पडसं झालं होतं. उलट 26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री कुलाब्याच्या मच्छीमार वस्तीपाशी रबरी होडीतून उतरलेल्या दहशतवादी पोरांना 'कोण रे तुम्ही?' असं हटकलं ते तिथल्या कोळ्यांनी. त्यांना त्याचा पगार नव्हता.

दुसरा आक्षेप नव्या पिढीचा. आता माणूस हवाच कशाला? मालाला ई-वे बिल आहे, टोलला फास्टॅग आहे, दारात कॅमेरा आहे. कबूल. यंत्र पैसे खात नाही आणि ठेचाही खात नाही. पण यंत्र आलेल्या डब्याची नोंद ठेवतं, न आलेल्या डब्याची चौकशी करत नाही. सावेडीतल्या कितीतरी घरांतली मुलं पुण्याला गेलीत आणि वर दुसऱ्या मजल्यावर एकटे आजोबा खाणावळीच्या डब्यावर राहतात. दोन दिवस डबा दिसला नाही तरी कॅमेरा गप्प असतो. खुर्चीतला तो उपद्रवी माणूस मात्र उठतो, गुडघ्यावर हात ठेवत दोन जिने चढतो आणि दार वाजवून विचारतो, 'आजोबा, डबा नाही आला का?' उत्तर ऐकून खाली येतो आणि संध्याकाळी स्वतःच्या घरून डबा घेऊन पुन्हा वर चढतो. त्या डब्यात काय आहे, हे तेव्हा त्याला कुणी विचारत नाही.

म्हणून नाकेदाराला हाकलू नका. त्याची खुर्ची तेवढी जरा फिरवून ठेवा, म्हणजे पाथर्डीच्या पिशवीसारखीच काळ्या काचांच्या गाडीची डिकीही त्याच्या नजरेत येईल. आणि पुढच्या वेळी ठेचा आणाल तेव्हा लसूण थोडा जास्त घाला. झाकण तो उघडणारच आहे.