लातूर पॅटर्न, गुलमर्ग शाखा

कुठलीही विद्या नोट्स काढून, वेळापत्रक लावून आणि सराव पेपर सोडवून येते, अशी आम्हा लातूरकरांची श्रद्धा आहे. स्नोबोर्डिंगसाठी वेगळं काही करायचं कारण नव्हतं. व्हिडिओ लावले, वही घातली. 'ऑली' म्हणजे वजन मागच्या पायावर न्यायचं, फळीची शेपटी वाकवायची आणि तिच्या ताणावर उडायचं. 'फ्रंटसाइड वन-एटी' म्हणजे उडीतच अर्धं वळून उलटं उतरायचं. भर उन्हाळ्यात गच्चीवर गादी अंथरून, पायाखाली प्लायवूड घेऊन अभ्यास सुरू झाला. भाचा मोबाईल धरून बसायचा. "मामा, त्यो उडायलाय अन् तुम्ही निस्ते बसायलाव," हा त्याचा कायमचा शेरा.

थंडीत निघालो. नांदेडपर्यंत एसटी, तिथून सचखंड एक्स्प्रेसनं अमृतसर. या गाडीत वाटेतल्या स्टेशनांवर लंगर मिळतो, भांडं तेवढं आपलं लागतं. मी मोठा डबा नेला होता. नोट्सपेक्षा तोच जास्त कामी आला. सुवर्णमंदिर सोन्याचं आहे, दल सरोवर मोठं आहे. गुलमर्ग सुमारे 2,650 मीटरवर. तिथून गोंडोला नावाची केबल कार अफरवाट डोंगराच्या अंगावर आणखी उंच नेते, पण माझं काम नवशिक्यांच्या उतारावरच भागलं.

काश्मिरी प्रशिक्षकानं काही न विचारता मला पाठीमागून ढकललं. तोल सावरायला मी उजवा पाय पुढे टाकला. "आप गूफी हैं," तो म्हणाला. यात अपमान नाही. उजवा पाय पुढे ठेवून घसरणाऱ्याला गूफी म्हणतात. पण गच्चीवर मी सगळं डावा पाय पुढे ठेवून घोटलेलं. पेपरचा सेटच बदलला होता.

बोर्ड सुटला. व्हिडिओतले गुरू सांगायचे, गुडघे सैल सोडा. सोडले. बोर्ड सपाट पडला, की उताराकडची कड बर्फात रुतते. मग बोर्ड थांबतो आणि वरचा माणूस प्रवास चालू ठेवतो. मी पाठीवर आपटलो, पाठीवरच घसरत एका स्लेजच्या दोरीत शिरलो, स्लेजवरच्या आजी किंचाळल्या, स्लेजवाल्यानं काश्मिरीत माझ्या घराण्याची विचारपूस केली, आणि शेवटी मी बर्फाच्या ढिगात डोकं खाली, पाय वर. दोन्ही पाय एकाच फळीला जखडलेले. नाल ठोकायला पाडलेल्या बैलाला निदान ठाऊक असतं, की हे लोक आपल्याला उठू देणार आहेत.

संताप आला तो गुरूंचा. मी पाहिलेला प्रत्येक व्हिडिओ माणूस उभा असतानाच सुरू होत होता! मग स्नोबोर्डचं मूळ आठवलं: 1965च्या नाताळात अमेरिकेत शर्मन पॉपेन यांनी मुलींसाठी दोन स्की जोडून घसरायची फळी केली. पुढे ती 'स्नर्फर' नावानं बाजारात आली, तेव्हा टोकाला धरायला दोरी असायची. ती दोरी नंतर कुणी काढली, त्या माणसाला मला एकदा भेटायचंय.

तोंडात बर्फ गेला होता. तो वितळला. एप्रिल 2016मध्ये मिरजेहून 'जलदूत' रेल्वे लातूरला पाणी घेऊन आली होती, पहिल्या खेपेला 10 वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर. त्या उन्हाळ्यात आई भांडी विसळलेलं पाणी तुळशीला घालायची आणि तिची माफी मागायची. इथं अख्खा डोंगर पाण्याचा होता आणि लोक त्यावरून घसरत होते. आईला फोन करावासा वाटला. हात सापडेना.

एका पंजाबी कुटुंबानं मला उपसून काढलं. "कहाँ से हो जी?"

"लातूर."

सगळे कोरे.

"महाराष्ट्र… मराठवाडा…"

तरी कोरे. विभागीय आयुक्तालय लातूरलाच हवं, नांदेडला नको, म्हणून घोषणा देऊन घसा बसवून घेतलेला मी माणूस. पण थर्मासमधून चहा ओतला जात होता आणि पराठ्यांचा डबा उघडत होता.

"नांदेड," मी म्हणालो.

"हजूर साहिब!" बाईंनी हात जोडले. माझ्या पुढ्यात पराठे आले, वर लोणचं. नांदेडबद्दल त्यांनी विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचं मी अभिमानानं उत्तर दिलं आणि आणखी एक पराठा मागून घेतला.